ओस्लोची दिवेलागण

गेल्या शनिवारी सकाळी चहा झाल्यावर मी लायब्ररीतून आणलेलं ओस्लोचं पुस्तक पुन्हा उघडलं. पुन्हा पुन्हा रिन्यू केलेलं पुस्तक... जायचं मात्र काही ठरत नव्हतं.

बेत तसा लहानच. जूनमध्ये गावी जाताना न्यूअर्कहून आधी ओस्लो गाठायचं, शनिवार-रविवार तिथं राहायचं आणि मग मुंबईचं विमान धरायचं. एक किल्ला, खाडीतली बोटीची फेरी, एक जुनं लाकडी चर्च, बस्स. हॉटेल स्टेशनजवळचं, म्हणजे टॅक्सी लागायला नको.

सगळ्या प्रिंटआउट फ्रिजवर मॅग्नेटनं लावल्या होत्या. त्यांच्याखाली गेल्या वर्षीच्याही होत्या. बायको, सुलभा, म्हणाली, "अहो, त्या शहरात तुम्हाला डोळे बांधून सोडलं तरी हॉटेल सापडेल. आता मलाही एकदा दाखवा."

अडत होतं ते दोन दिवसांवर... मला वर्षाला दोन आठवड्यांची सुट्टी मिळते आणि इकडे अमेरिकेत, एडिसनला आल्यापासून ती सगळी आईची. ती आता ऐंशीला टेकलीय. गावी धाकट्या भावाकडे असते आणि मी यायच्या दिवशी सकाळपासून ओट्यावर येऊन बसते.

तिचे दोन दिवस काढून घ्यायचे, आणि तेही नुसतं हिंडायला... हात पुढे होत नव्हता. पूर्वी व्हिसाची सबब होती. अमेरिकेचा निळा पासपोर्ट आल्यापासून तीही गेली.

आणि ओस्लोच का, हे सुलभाशिवाय कुणाला सांगितलेलं नव्हतं. आज सांगतो.

आमचा चौथीचा वर्ग मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरायचा. युरोपचा नकाशा एकच, कापडावर चिकटवलेला, आणि त्याची वरची बाजू कसरीनं खाल्लेली. गुरुजी छडी नकाशाच्या वर, नुसत्या भिंतीवर टेकवायचे आणि म्हणायचे, नॉर्वे इथं आहे असं समजा.

त्या भिंतीवरच्या देशात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, असं त्यांनी एक दिवस सांगितलं. मी घरी धावत गेलो. आई राखेनं कंदिलाची काच पुसत होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हात थांबवला आणि विचारलं, "मग तिथल्या बायका दिवा कधी लावत्यात?"

दुसऱ्या दिवशी मी तेच गुरुजींना विचारलं. वर्ग हसला, गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले की मला ठाऊक नाही, मोठा झालास की जाऊन बघ आणि मलाही सांग... गुरुजी जाऊन आता खूप वर्षं झाली.

पुस्तकात पाहिलं, तर ओस्लोत सूर्य मावळतो. फक्त फार उशिरा, आणि पुरता अंधार असा होतच नाही. मावळतच नाही तो आणखी उत्तरेला. म्हणजे गुरुजींची छडी भिंतीवर अजून थोडी वर टेकायला हवी होती...

सुलभाची काळजी वेगळी. हॉटेलच्या खोलीत निरांजन लावता येईल का? इथल्या आमच्या पहिल्या गणपतीला धुपानं स्मोक अलार्म वाजला होता आणि मोदक वाफेवर असतानाच आगीचा बंब दारात आला होता. तेव्हापासून आमच्याकडे आरतीला एक माणूस टाळ वाजवतो आणि एक माणूस अलार्मखाली टॉवेल हलवतो.

दर शनिवारी सकाळी मी कॉलिंग कार्डवरून आईला फोन करतो. तिकडे तेव्हा दिवेलागण झालेली असते. देवापुढं दिवा लावून, हात जोडून झाले की ती फोनपाशी येऊन बसते.

त्या दिवशी मनाचा हिय्या करून सांगितलं, की या वेळी दोन दिवस उशिरा येईन, वाटेत ओस्लोला उतरणार आहे. तिनं विचारलं की तिथं आपलं कोण आहे, कुणी आजारी आहे का, कुणाचं लग्न आहे का. कुणी नाही, नुसतं बघायला, असं मी म्हणालो.

"सुलभाला घेऊन ना? मग भीत भीत काय सांगतोयस? लग्न झाल्यावर तिला कधी शेजारच्या गावच्या जत्रेलाबी नेलं न्हाईस."

स्पीकर चालू होता. सुलभा स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून हसत होती.

मग मी आईला तो जुना प्रश्न सांगितला. आठवतंय का, कंदील पुसताना तू विचारलं होतंस... ती म्हणाली, मी कशाला असलं काही विचारीन, मला कामं काय कमी होती?

जरा खट्टू झालो, खरं सांगतो. जो प्रश्न मी एवढी वर्षं जपला, तो तिच्या गावीही नव्हता. इकडचं तिकडचं बोलून मी फोन ठेवणार होतो.

तेवढ्यात ती म्हणाली, "पण दत्ता... खरंच, मग दिवा कधी लावत्यात रे तिथं?"

मी म्हणालो, "ठाऊक नाही आई. जाऊन बघतो आणि तुला सांगतो."

देवानं विचारणारं माणूस अजून ठेवलंय, आणि उत्तर घेऊन जायला मलाही धडधाकट ठेवलंय. याहून जास्त काय मागायचं...

फोन ठेवून कॉम्प्युटरवर बसलो आणि दोघांची तिकिटं बुक केली. फ्रिजवरचे गेल्या वर्षीचे कागद काढून टाकले. दुपारी लायब्ररीत जाऊन पुस्तक परत करून आलो.