कितकताची न्याहारी

जपानमधल्या कितकता गावात लोक सकाळी सकाळी रामेन खातात. रुंद, नागमोडी नूडल्स आणि सोया सॉसचं हलकं, पातळ सूप. रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगारांनी ही न्याहारी सुरू केली, असं तिथे सांगतात. आपल्याकडे मिसळ खाऊन कामाला लागतात, तसंच काहीसं.

हिवाळ्यात मी मुलाकडे गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी निखिल मला त्याच्या नेहमीच्या दुकानात घेऊन गेला. बाहेर बर्फ साचलेला, आत काचांवर वाफ. मालकीणबाईंनी वाडगे ठेवले आणि हसत काहीतरी विचारलं. निखिलने हातातल्या चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"काय म्हणताहेत?"

"आई कुठंय, विचारताहेत. तुम्ही दोघं येणार म्हणून मी मागेच सांगून ठेवलं होतं."

माझी बायको सुमन जाऊन काही महिने झाले होते. त्याने इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. आता हळू आवाजात सांगितलं. बाई हात पुसून आमच्यासमोर बसल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. घरी सगळं कोरड्या डोळ्यांनी उरकणारा माझा मुलगा तिथे ढसाढसा रडला. शेजारचे कामगार मान खाली घालून खात राहिले. त्यांचं ते न बघणं मला फार बरं वाटलं.

परमुलखात याला कोण विचारणार, हा सुमनचा कायमचा घोर. तिला हे दिसायला हवं होतं.

बाई उठताना माझ्याकडे बघून काही बोलल्या.

"उद्या येणार का, विचारताहेत," निखिल डोळे पुसत म्हणाला.

"येऊ म्हणावं," मी म्हणालो. "आहे तोवर रोज येऊ."