तीन पांढऱ्या बाटल्या

सात वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवल्यावर मी युजर रिसर्चच्या कोर्सला नाव घातलं. वर्ग शनिवार-रविवारी भरायचा. लोक ॲप कसं वापरतात, कुठे अडतात, हे त्यांच्याकडून कसं समजून घ्यायचं, ते तिथे शिकवायचे. वर्गात वयाने सगळ्यांत मोठी मीच. बोलायचं काम आहे, आपल्याला जमेलच, असं मी धरून चालले होते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब टाकायची आठवण करून देणारं एक ॲप आमच्या गटाने प्रोजेक्टसाठी बनवलं. ते तपासायला माझ्या वाट्याला आले आमच्याच शहरातल्या द्वारका चौकाजवळ राहणारे एक चाचा, माझ्या मैत्रिणीचे शेजारी. आयुष्यभर शिलाईकाम केलेले, सत्तरीचे, नुकतंच उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेले. त्यांच्या फोनवर ॲप टाकून दिलं आणि तीन दिवसांनी मुलाखतीला गेले.

"चाचा, ॲप सोपं वाटलं ना?"

"हां बेटा, एकदम सोपं."

"आवाज नीट ऐकू येतो ना?"

"येतो ना. मस्त बनवलंय तुम्ही."

चाचींनी चहा आणि खारी दिली. वीस मिनिटांत मी खुशीत बाहेर पडले.

रविवारी कोर्सच्या बाईंनी त्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग वर्गात लावलं आणि दोनच मिनिटांत बंद केलं. "यात चाचा कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "प्रश्न तुझा, उत्तरही तूच त्यांच्या तोंडात घातलंस. त्यांनी फक्त पाहुणीचा मान राखला."

कोणी हसलं नाही, तरी माझे कान तापले. शाळेतही मी हेच करत आले होते. 'समजलं ना?' म्हणायचं, मुलं 'हो' म्हणायची, की धडा पुढे.

"परत जा," बाई म्हणाल्या. "थेंबांच्या वेळेला जा. नुसतं बघ. अडले तर मदत करू नकोस, लिहून घे."

दुसऱ्या खेपेला मी वही घेऊन कोपऱ्यात बसले. दुपारी दोनला फोन वाजला. चाचांनी तो डोळ्यांजवळ नेला, आवाज बंद केला आणि फोन उशीपाशी ठेवला. पडद्यावर आम्ही औषधाचं नाव दिलं होतं, ते त्यांनी वाचलंच नाही. खिडकीत तीन बाटल्या होत्या, तिन्ही पांढऱ्या, सारख्याच उंचीच्या. त्यांनी चाचपून मधली उचलली, झाकण काढलं, मान मागे टाकली. लेबलवर कानाचं छोटं चित्र होतं. मला ते बसल्या जागेवरून दिसलं.

"चाचा, थांबा!"

आतून चाची धावत आल्या. बाटली बघून म्हणाल्या, "अहो, हे माझ्या कानाचं आहे!"

चाचांनी झाकण परत लावलं. काही विचारायचं मला सुचेना, म्हणून विचारलं नाही. मग चाचाच बोलले.

"खरं सांगू बेटा? फोन वाजतो ते बरोबर. पण कोणती बाटली, ते मला दिसत नाही. रोज हिला विचारतो. आज तुम्ही बसलेल्या, म्हटलं आपलं आपण करून दाखवू."

"मग परवा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या मेहनतीने बनवलेलं. नाराज कशाला करायचं?"

त्यांनी दोऱ्याचं रीळ मागून घेतलं. चाचींना विचारून डोळ्याच्या एका बाटलीला दोरा बांधून एक गाठ मारली, दुसरीला दोन, आणि कानाची बाटली चाचींच्या हातात दिली. बोटांनी गाठी चाचपत म्हणाले, "आता ठीक."

नियम मोडल्याचं मी बाईंना घाबरतच सांगितलं. "डोळा जात असताना नियम कसला?" त्या म्हणाल्या. "पण अहवालात तेही लिही." मी लिहिलं.

पडद्यावरचं औषधाचं नाव आम्ही काढून टाकलं. घरातल्याच माणसाच्या आवाजात सूचना भरायची सोय केली. चाचांच्या फोनवर चाची ओरडायच्या, "दोन गाठीची घ्या!" नंतर ॲप तपासायला दिलेल्या मनमाडच्या एका आजींना मात्र दोऱ्याचा उपयोग झाला नाही, बाटलीवरून तो सारखा निसटायचा. त्यांच्या सुनेने रबरबँड लावले. आम्ही तेही लिहून घेतलं.

ॲप पुढे कुठे गेलं नाही, कोर्सबरोबरच संपलं. शाळा सोडून आता मी याच कामात आहे. प्रश्न विचारून झाला की अजूनही उत्तर सुचवायला जीभ वळवळते. मग मी समोरचा चहा उचलते आणि घोट तोंडातच धरून ठेवते.