गव्हातल्या गोळ्या

निफाडजवळच्या आमच्या गावात गव्हाचं काही अडलं की लोक वाल्मीक आण्णांकडे जायचे. पेरणी कधी करायची, तांबेरा पडला तर काय, बियाणं कुठलं. आण्णा हातातलं काम टाकून सांगायचे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मारुतीच्या पारावर गहूवाले जमायचे, तेही त्यांनीच सुरू केलेलं.

एप्रिलात गिरणीवर हिरामणनं त्यांना विचारलं, "आण्णा, तुमच्या गव्हाला कीड कशी लागत नाय?"

आण्णांनी सांगितलं. दुकानातून किडीच्या गोळ्या आणायच्या, फडक्यात बांधून कोठीत ठेवायच्या, झाकण घट्ट लावायचं. दोन मिनिटांचं बोलणं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णा चहा घेत असताना हिरामणच्या शेजारचा ललित गाडीवरून आला. "हिरामणदादाची बायको आन नात, दोघींना नाशिकला हलवलंय. उलट्या थांबंनात. डॉक्टर म्हणत्यात, गव्हातल्या गोळ्यांचा वायू."

आण्णांनी कप खाली ठेवला. "कोठी कुठं हाय त्यांची?"

"कुठं असणार? झोपायच्या खोलीत. दादा ओट्यावर निजतो म्हणून वाचला."

आण्णांची स्वतःची कोठी गोठ्यापलीकडं, घरापासून लांब. तिथं कुणी झोपतच नव्हतं. त्यामुळे 'माणसं निजतात तिथं ह्या गोळ्या नको' हे सांगावं, असं त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं.

दवाखान्यात हिरामण बाकावर बसला होता. तो रागावला नाही. म्हणाला, "तुमी सांगितलं तसंच केलं, आण्णा. झाकण लय घट्ट लावलं होतं."

शेजारी जागा असूनही आण्णा फरशीवरच बसले.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी हिरामणची बायको कलाबाई धोक्याबाहेर आली, सहाव्या दिवशी छोटी नात वेदिका. आण्णा रोज जाऊन नुसते बसून राहायचे. गावात कुणी काही विचारलं, तर "मला ठाव नाय" एवढंच म्हणायचे. मे महिन्यात पारावर जायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. घरी आलेल्या कलाबाईनंच त्यांना बोलावून घेतलं.

"आण्णा, सांगायचं राहिलं ते आता सांगा. तुमी गप बसला तर आमी भोगलं ते फुकट गेलं."

मेच्या पहिल्या सोमवारी पारावर आण्णांनी सगळं सांगितलं, आपली चूकसुद्धा. मग विचारलं, "किती जणांची कोठी झोपायच्या खोलीत हाय?"

एक हात वर झाला, मागोमाग दुसरा. जमलेल्या बावीस जणांत चौदा हात वर होते. हीच माणसं इतकी वर्षं त्यांचं ऐकत आली होती.

तेवढ्यात मागं बसलेली कुसाबाई उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "म्या आज सकाळीच ठिवल्यात. सासूबाई तिथंच निजल्यात."

पार रिकामा झाला. आण्णा सगळ्यांच्या पुढं पळत होते. कुसाबाईच्या घराची दारं-खिडक्या सताड उघडल्या, चौघांनी म्हातारीला बाजेसकट उचलून अंगणात आणलं. म्हातारी डोळे चोळत विचारत होती, "एवढी माणसं कशाला आलीत रं?" ललितनं तिला एका जीपमध्ये घालून निफाडला तपासून आणलं. तिला काही झालं नव्हतं.

तो आठवडाभर आण्णा उरलेली घरं एकेक करून फिरले. आधी खोली बघायचे, कोण कुठं झोपतं ते विचारायचे, आणि मगच बोलायला तोंड उघडायचे.