सकाळी, जेवणानंतर

महेश्वरीअक्का जिना चढताना पाचव्या पायरीवर थांबायची आणि समोरच्या गच्चीवरचे कपडे बघतेय असं दाखवायची. भाकऱ्या कानडीत मोजायची, गिऱ्हाइकाला आकडा मराठीत सांगायची. रिक्षांच्या मागचं लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. पिशवी नेहमी उजव्या खांद्यावर. पूजा झाल्याशिवाय पाणीही नाही. मी दिसले की, "काय गं एमए, आज किती पानं?"

मी तिच्या शेजारची. मराठीत एमए केलं आणि घरी बसले. ती बत्तीस वर्षांची होती. ती आणि तिची आई गंगम्मा, दोघी कडक भाकरी करून विकायच्या. दोन वर्षं थापताना तिचा डावा हात भरून यायचा. "पीठ बरं न्हाई," म्हणायची. मग छातीत दुखायला लागलं.

सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात नर्सनं डाव्या हाताला पट्टा बांधला. रक्तदाब लागेना. दुसरं मशीन आणलं. तरी लागेना.

"मशीन चांगलं हाय बाई," अक्का म्हणाली. "मीच बंद हाय."

नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत.

आजाराचं नाव जपानी होतं, टाकायासू. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीला सूज होती. तिच्यातून फुटणाऱ्या वाटा अरुंद होत चालल्या होत्या. डाव्या हाताची जवळजवळ बंद. हृदयाला रक्त देणाऱ्या दोन वाहिन्यांची तोंडंही. बायपास करावी लागणार होती.

"एरवी छातीतली वाहिनी वापरतो," डॉक्टर म्हणाले. "तिला रक्त येतं ते हाताच्याच वाटेवरून, आणि ती वाट गेलीय. पायातली शीर काढून महाधमनीवर शिवावी लागेल. पण सुजलेल्या भिंतीत टाका टिकत नाही. आधी सूज उतरू दे."

सूज रक्त तपासून मोजतात. आकडा सहाच्या खाली हवा होता. तिचा बावन्न होता.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. चिठ्ठी इंग्रजीत होती. अक्कानं गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे धरलं. "नीट लिही. आईलाबी कळलं पायजे." मी लिहिलं: सकाळी, जेवणानंतर. उपाशीपोटी घेऊ नये. खाली रेघ ओढली.

आषाढात आकडा चौदावर आला. गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला होता. "आता कुटं खात्यापित्या घरची दिसाय लागले," ती म्हणाली. डॉक्टरही खूश होते. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करू म्हणाले.

श्रावण संपल्यावर तपासलं. एकसष्ट.

"गोळ्या घेता ना?"

"घेते की. जेवल्यावरच."

"रोज?"

"श्रावणात सकाळी कुटं जेवण असतंय, डॉक्टर? दिवा लावल्यावर एकदाच. सकाळचं जेवण न्हाई, मग सकाळची गोळीबी न्हाई." तिनं पाकीट पुढे केलं. "हितं लिवलंय की. आमच्या एमएनं लिवलंय. अक्षर बघा, लई देखणं."

महिनाभर तिनं एकही गोळी घेतली नव्हती. देवासाठी सोडल्या नव्हत्या. मी लिहिलेलं पाळलं होतं.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "तोंड का पाडलंस? उपासाचं मीच सांगायचं ऱ्हायलं."

 

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ऑपरेशन सहा आठवडे पुढे गेलं. डॉक्टरांनी तिला भाकरी थापायला मनाई केली. चौथ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी मी गेले तर ती शेगडीपाशी. पुण्याला पाठवायची ऑर्डर होती. गंगम्मानं थापून भाजलेल्या भाकऱ्या अक्का मंद आचेवर फडक्यानं दाबून कडक करत होती.

"अक्का, ऊठ."

"थापत न्हाई गं मी. नुसतं दाबतीय. त्याला काय डॉक्टरची परवानगी लागतीय?"

मग ती फडकं हातात धरूनच पुढे वाकली.

डॉक्टर म्हणाले, आता सूज उतरायची वाट बघता येणार नाही. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. शीर शिवली होती तिथून रक्त झिरपत राहिलं. गुरुवारी पुन्हा छाती उघडली. शुक्रवारी सकाळी ती गेली.

"भिंत ओल्या कागदासारखी झाली होती," डॉक्टर म्हणाले.

गंगम्मानं विचारलं, "आकडा किती होता?"

"एकतीस."

ती मान हलवत राहिली. उतरत होता की, असं काहीतरी कानडीत म्हणाली.

माती दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी गंगम्मानं मला शेगडीपाशी बोलावलं. बुधवारपासून तिथं कुणी हात लावला नव्हता. दोन टोपल्या होत्या. एकीत कडक भाकऱ्या, एकावर एक. दुसरीत मऊच राहिलेल्या, बावीस. त्यांना बुरशी आली होती.

तव्यावर एक होती. एका बाजूनं चार बोटं कडक. बाकीची दाबायची राहिली होती.