काळी-पिवळी निळी झाली तेव्हा

त्या मंगळवारी डबा खाताना ऑफिसातल्या एकाने विचारलं, "जुनी फियाट घरच्या घरी रंगवली तर? नवशिक्याला जमेल?"

"थांब, तुला वसंताकडेच पाठवतो," मी म्हणालो. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शिरवण्याहून आमचा जुना दोस्त घरत बोलत होता.

"वसंता गेला रं. सकाली. छातीत दुखतंय म्हनाला, न् बसला तो बसलाच."

मी डबा झाकून ठेवला.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या शोकसभेला, जमलो तेव्हा लक्षात आलं, वसंताचा एक किस्सा निघाला की मागून चार येतात. त्यातले तीन तरी गाडीचेच असतात!

*

एकोणऐंशीच्या सुमाराला मी, वसंता आणि घरत तुर्भ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. वसंताचे वडील, आमचे सगळ्यांचे भाऊ, मुंबईत टॅक्सी चालवायचे. थकल्यावर ते वाशीला मुलाकडे राहायला आले आणि टॅक्सीही घेऊन आले. परमिट परत केलेलं. आता गाडी खासगी म्हणून नोंदवायची तर महिन्याभरात काळा-पिवळा रंग जायला हवा होता. नाहीतर ती भंगारात.

"भंगारात गेली तर मागच्या सीटवर बसून मी पण जाईन!" भाऊंनी जाहीर केलं.

गॅरेजवाला म्हणाला, गाडी पंधरा दिवस ठेवून जा. त्यालाही भाऊ तयार नव्हते. "वीस वर्षांत ही दुसऱ्याच्या दारात मुक्कामाला राहिली नाय. आता म्हातारपणी राहणार?"

मग वसंता बोलला, "कारखान्यातला कॉम्प्रेसर आपणच रंगवला ना? मग गाडी काय वेगळी?"

घरत म्हणाला, "कॉम्प्रेसर कंदी कुनी बघाया येतंय काय?"

*

पहिला रविवार घासण्यात गेला. वसंताने कारखान्यातून पॉलिशपेपर आणला, तो गंजलेलं लोखंड घासायचा, जाडाभरडा. अर्ध्या तासात बॉनेटवर हे एवढाले ओरखडे! वसंताची बायको सुनंदावहिनी चहा घेऊन आली, बघून थबकली.

"मी कढईसुद्धा इतकी घासत नाही हो!"

भाऊ कट्ट्यावर बसले होते. ते उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. पुढचे दोन रविवार आम्ही ते ओरखडे भरत होतो.

*

काचांवर रंग उडू नये म्हणून कागद चिकटवायचे होते. चिकटपट्टी कोण आणणार? वहिनींनी मैद्याची खळ करून दिली. आम्ही झकास कागद लावले आणि जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर वाशी गावातल्या चार शेळ्या गाडीभोवती. तिन्ही बाजूंच्या काचा लख्ख! चौथी शेळी पुढच्या काचेवरचा शेवटचा तुकडा चावत होती.

त्यातली एक शेळी घरतच्या चुलत्याची निघाली. वसंता शेळीला शिव्या देत घरतवरच उखडला.

"तिच्यावर कशाला वराडतस?" घरत शांतपणे म्हणाला. "जेवान तुमी वाडलंत. ती जेवली."

*

स्प्रेगन नव्हती. वसंताने डास मारायचा हातपंप धुऊन घेतला आणि त्यात आकाशी रंग भरला. ऊन उतरल्यावर मारायला घेतला, म्हणजे रंग लवकर वाळून सुरकुतणार नाही. डोकं चांगलं चाललं होतं. पण खाडी जवळ, आणि संध्याकाळची वेळ. एकेक करत डास आले आणि ओल्या दारावर बसले, ते कायमचे.

वसंता पंप हातात धरून बघत राहिला. "लोक या पंपाने डास मारतात. आपण चिकटवले!"

दुसऱ्या दिवशी सगळं दार पुन्हा घासलं. या वेळी बारीक पेपरने.

*

छप्पर मात्र पिवळंच होतं. भाऊ रोज म्हणायचे, "छप्पर तेवढं राहू द्या, बघू." मुदतीला आठवडा उरला तरी बघू. एवढ्यात एकदा इंजिन तपासायला वसंताने गाडी बाहेर काढली, तर कोपऱ्यावर एक गृहस्थ दार उघडून मागे बसले.

"वा! नव्या शहराला नवी टॅक्सी! रंगसंगती छान केलीय."

वसंताने त्यांना मुकाट्याने पोस्टात सोडलं.

हे ऐकल्यावर भाऊ हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर ते स्टुलावर उभे होते, हातात ब्रश. कुणालाही जवळ येऊ न देता त्यांनी एकट्याने छप्पर निळं केलं. ब्रशचे पट्टे शेवटपर्यंत दिसायचे.

*

गाडी पास झाली. त्या रविवारी घरतने शिरवण्याला जेवायला बोलावलं होतं. वसंता चालवत होता, भाऊ त्याच्या डावीकडे, मी मागे. वाटेत रस्त्याकडेला एक म्हातारा-म्हातारी उन्हात उभे होते, पायाशी ट्रंक. म्हाताऱ्याने हात केला. वसंता पुढे जाणार, एवढ्यात भाऊ म्हणाले, "थांब."

दोघं माझ्या शेजारी बसली. ट्रंक मी मांडीवर घेतली.

"कुठं जायचं, बाबा?" भाऊंनी विचारलं.

"वाशीला. लेकीकडं."

म्हणजे उलट्या दिशेला. वसंताने गाडी वळवली. भाऊंचा डावा हात खिडकीतून बाहेर गेला, मडगार्डवर जिथे मीटर असायचं तिथवर. बोटांनी हवेतच मीटरची मूठ धरली आणि भाडं सुरू करताना करतात तशी खाली केली. मग हात आत घेऊन त्यांनी मांडीवर ठेवला.

वसंता समोर बघत होता. त्याने गिअर बदलला.

मीटर काढल्यावर त्या मडगार्डवर दोन भोकं राहिली होती. "पुढच्या रविवारी बुजवू," वसंता म्हणाला होता.

ती बुजवायची राहिली.