मधला ठिपका

चाकू घडवणाऱ्या मामासोली उस्ताच्या प्रत्येक पात्यावर चंद्रकोर असे आणि तिच्याखाली पितळ भरलेले तीन ठिपके. हे त्याचे तीन मुलगे. डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा, मधला तिलोवोल्दी. तिघेही लढाईवर गेले, तेव्हा म्हाताऱ्यानं हातोडा दिला तो तिलोवोल्दीच्या बायकोला, हनिफाला. चुस्त गावच्या बाजारात चेष्टा सुरू झाली.

"उस्ता, आता दाढीही सुनेलाच लावणार का?"

"लावीन की. तुझ्यापेक्षा तिला शोभेल."

हनिफा घणाला भ्यायली नाही, पण नक्षीनं तिला रडवलं. पात्याची लाली उतरायच्या आत पोगर, म्हणजे ठसा उठवायची पोलादी कांडी, ठेवून ठोकायचा. उशीर झाला की लोखंड ऐकत नाही. कितीतरी पाती वाया घालवल्यावर, हिवाळ्यात कुठं कोर जमली. ठिपके मात्र म्हातारा तिला देईना. स्वतः मारी आणि पाती लगेच फडक्यात गुंडाळून पेटीत टाकी.

"नुसतं ऐकून ठेव," तो म्हणे. "ठिपक्याचं तोंड लहान, पोट मोठं. मग आतलं पितळ बाहेर येत नाही."

तिला तर तोच एक ठिपका मारायचा होता. जाताना तिलोवोल्दीनं एक घास तोडलेली रोटी भिंतीवर टांगलेली होती, उरलेली परत येऊन खायची म्हणून. तिची धूळ ती रोज झटकी. त्याचं पत्र वर्षभर नव्हतं. आपल्या हातून त्याचा ठिपका पडला की तो येणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं. वेडेपणाच तो, पण ज्याचं माणूस लढाईवर आहे त्यानंच तिला हसावं.

जर्दाळू पिकले तेव्हा म्हाताऱ्याचा हात फारच थरथरू लागला. एकदा पोगर निसटून अंगठा फुटला आणि त्यानं पोगर तिच्यापुढं धरला. हनिफानं कोर उठवली, डावा ठिपका मारला, पोगर मधोमध नेला. म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं.

"तिथं नको."

"मग कुठं, ओता?" सासऱ्याला ती बापासारखं 'ओता' म्हणे.

"उजवीकडे. मार, लाली उतरतेय."

तिनं मारला. मग सासऱ्याला न विचारता पेटी उघडली, फडकी सोडली. एकेक पातं पाहिलं. सगळ्यांवर दोनच ठिपके होते.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी, तुती पिकल्या तेव्हा काळं पत्र आलं, तो लढाईत पडल्याचं. टोपीच्या अस्तरात शिवलंय." म्हातारा रडत होता. "तुला सांगायला जीभ रेटेना गं. पण लोखंडावर खोटं कसं मारू?"

"मी रोज रोटी पुसत होते. तुम्ही बघत होतात," हनिफा म्हणाली. "तुमचं पोट फार मोठं निघालं, ओता."

तिला त्याचा संताप आला आणि तितकीच कीवही. तिनं दुसरं पातं विस्तवात सारलं. कोर उठवली. डावा मारला. उजवा मारला. मधली जागा सोडायला तिला कुणी शिकवावं लागलं नाही.