फलाट सोडून थांबणारी गाडी

दिवा स्टेशनाकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीला भिवंडीजवळच्या आमच्या छोट्या स्टेशनावर थांबा मिळाला, तेव्हा हार माझ्या गळ्यात पडला. मी रेल्वेच्या वेळापत्रक विभागात होतो, म्हणून सगळ्यांना वाटलं काकांनीच करून दाखवलं. ते आज खोडून काढतो. तो थांबा इतकी वर्षं अडवला होता तो मीच.

नवं वेळापत्रक निघायच्या आधी दरवर्षी गावकरी नारपोलीला माझ्या घरी अर्ज घेऊन येत. मी चहा पाजायचो आणि सांगायचो, सकाळी मार्ग मालगाड्यांनी भरलेला असतो, एक थांबा दिला की मागच्या सगळ्या गाड्या रखडतात. मग ऑफिसात जाऊन गेल्या वर्षीचंच उत्तर तारीख बदलून पाठवायचो.

एका वर्षी त्यांच्यात वळ गावची एक बाई आली. ठाण्याला दवाखान्यात आया होती, आठची ड्युटी. ट्रकांच्या गर्दीत रिक्षा अडकून रोज उशीर व्हायचा. दिवाळीपर्यंत सुधारलं नाही तर दुसरी बाई ठेवू, असं तिला बजावलं होतं. माझं सगळं सांगून होईपर्यंत तिने चहाला हात लावला नाही.

"काका, गाडी थांबत न्हाय असं कोन बोलतो? रोज थांबते. फक्त फलाट सोडून थांबते."

पुढच्या जंक्शनवरून मालगाडी आधी जायची, म्हणून आमची गाडी स्टेशनातून संथपणे निघून पुढच्या सिग्नलला, भातशेतांच्या कडेला उभी राहायची. रिक्षा धरण्याआधी फलाटावर उभं राहून, मोबाइलच्या घड्याळात तिने महिनाभर मोजलं होतं. चार मिनिटं, कधी पाच.

मला ते ठाऊक होतं. त्या टप्प्यात जास्तीची मिनिटं मीच राखून ठेवली होती. गाडी कुठेही रखडली तरी उशीर त्यातून भरून निघे, शेवटच्या स्टेशनावर "वेळेत" अशी नोंद होई आणि वरिष्ठ माझी पाठ थोपटत.

"का ऑफिसातनं आमचं शेत दिसत न्हाय?" ती म्हणाली. बाकीचे हसले. एका म्हाताऱ्याने तिला दटावलं, पण हसू त्यालाही आवरलं नाही.

तीन सकाळी मी तिच्याशेजारी फलाटावर उभा राहिलो. तिन्ही दिवस तिचा हिशेब बरोबर निघाला. मग मी टिपण लिहिलं: सिग्नलला जी मिनिटं जातात त्यातलं एक फलाटावर द्यावं. वरिष्ठ म्हणाले, राखीव वेळ कमी होईल, नोंदी बिघडतील. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नव्हता, त्या दिवशी घातला. "साहेब, गाडी तशीही उभीच आहे. माणसं चढतील तिथे उभी करू."

दिवाळीआधी थांबा सुरू झाला. पहिल्या दिवशी इंजिनासमोर नारळ फुटला, गाडी एक मिनिट थांबली आणि निघाली. पुढे सिग्नलला ती तीनच मिनिटं उभी राहिली, तोच मालगाडीचा शेवटचा डबा जंक्शन ओलांडून गेला आणि सिग्नल हिरवा झाला. दिव्याला गाडी अगदी वेळेत लागली. नोकरीत मला इतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नव्हता.

गाडी गेल्यावर फलाटावर पेढे वाटले, भाषणं झाली, मला हार घातला. तेव्हाच सांगायला हवं होतं, हा मान त्या बाईचा आहे. मी मान खाली घालून हार घेतला. ती तिथे नव्हती. ती त्याच गाडीने गेली होती आणि दिव्याहून ठाण्याची लोकल धरून आठच्या आधी ड्युटीवर हजर होती.